चिकोरी लावून, मोजून आणि पारखून पाहताना

काचेच्या पेल्यात थंड पाणी घेऊन त्यावर चिकोरीमिश्रित कॉफीची चिमूटभर पूड भुरभुरली, की कॉफीचे कण त्यांच्यातील तेलामुळे काही वेळ वर तरंगत राहतात आणि चिकोरीचे कण मात्र मागे तपकिरी रेघ सोडत तळाकडे निघतात. पाण्यात उतरणारा तो रंग म्हणजे चिकोरीच्या मुळात साठलेल्या इन्युलिन नावाच्या आहारतंतूचे भाजल्यानंतर झालेले रूप आहे. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफीचे प्रमाण वजनाने किमान ५१ टक्के असावे लागते, म्हणजे चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते. आपल्यापैकी पुष्कळ जण हे पीक रोज सकाळी पितात, पण त्याचे झाड मात्र त्यांनी कधी पाहिलेले नसते.

चिकोरीविषयी जे वाचायला मिळते, त्यात एक घोळ कायम आढळतो. मुळातील तंतूवर झालेल्या चाचणीचे श्रेय पानांच्या रसाला दिले जाते, उंदरांवर तपासलेल्या बियांच्या अर्काचा गुण कॉफीच्या पुडीला चिकटवला जातो आणि चाऱ्याच्या वाणाचे उत्पन्न मुळाच्या पिकाचे म्हणून सांगितले जाते. म्हणून या लेखातील प्रत्येक पायरीवर मी चार प्रश्न धरून ठेवणार आहे: कोणता प्रकार, कोणता भाग, कोणत्या रूपात आणि किती प्रमाणात. या चारांची उत्तरे नसतील, तर ते विधान शेतकऱ्याच्याही कामाचे नाही आणि रुग्णाच्याही नाही.

हा लेख कृषी पदविकेचे व पदवीचे विद्यार्थी, प्रयोगशील शेतकरी आणि औषधी वनस्पतींचे अभ्यासक यांच्यासाठी आहे. दोन गुंठ्यांत बसणारा एक प्रयोग कसा आखावा, त्यातून नेमके काय मोजावे आणि औषधी दाव्यांचे संशोधन कसे वाचावे, एवढाच त्याचा आवाका आहे. आपल्याकडे चिकोरीची व्यापारी लागवड प्रामुख्याने गुजरातमध्ये जामनगर व आणंद-खेडा परिसरात आणि उत्तर प्रदेशात होते. महाराष्ट्रात ती आधी प्रयोग म्हणूनच करावी आणि खरेदीदाराशी लेखी बोलणे झाल्याशिवाय एकरांच्या हिशेबात जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी: वनस्पती ओळखणे

चिकोरीचे शास्त्रीय नाव सिकोरियम इंटिबस. ती सूर्यफूल, शेवंती आणि झेंडू यांच्या कुळातील आहे. युनानी वैद्यकात आणि हिंदी-उर्दूत तिला कासनी म्हणतात. पहिल्या टप्प्यात जमिनीलगत पानांचा गुच्छ आणि खाली गाजरासारखे, परंतु पांढुरके सोटमूळ तयार होते. पुढे थंडी सोसल्यावर आणि दिवस मोठे होऊ लागल्यावर मधून फुलदांडा उठतो व त्यावर निळी फुले लागतात, जी सकाळी उमलतात आणि ऊन चढल्यावर मिटतात. मूळ किंवा पान मोडले की दुधासारखा चीक येतो. जिभेला लागणारा कडवटपणा त्याच चिकातील लॅक्ट्युसिन आणि लॅक्ट्युकोपिक्रिन या द्रव्यांचा असतो.

एकाच जातीतून माणसाने चार वेगळी पिके घडवली आहेत. पहिले मुळाचे पीक, कॉफी आणि इन्युलिनसाठी. माग्डेबर्ग आणि ओर्शी ही त्यातील जुनी, प्रसिद्ध नावे. दुसरे विटलूफ, ज्याची मुळे उपटून अंधारात पुन्हा फुटवतात आणि फिकट, घट्ट कोंब भाजी म्हणून खातात. या बेल्जियन पिकाच्या नावाचा अर्थच ‘पांढरे पान’ असा आहे. तिसरे लाल-हिरव्या पानांचे इटालियन राडिक्कियो. चौथे जनावरांच्या चाऱ्याचे, ज्यातील ‘पुना’ हा वाण न्यूझीलंडमध्ये १९८५ साली प्रसारित झाला. नावावरून तो आपल्या पुण्याचा वाटला तरी त्याचा पुण्याशी संबंध नाही. ऑनलाइन ‘चिकोरी सीड्स’ म्हणून मिळणारे पाकीट बहुधा पानांच्या प्रकाराचे असते आणि त्यापासून जाड मुळांची अपेक्षा धरणे म्हणजे कोथिंबिरीच्या वाफ्यात गाजरे शोधण्यासारखे आहे. पाकिटावर मुळाचा वाण असल्याचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर ते घेऊ नये.

आणखी एक रूप आपल्याकडे न बोलावता येते. बरसीम घासाच्या बियाण्यात कासनीचे बी मिसळून येते आणि घासात ती तण म्हणून माजते. यावर जुना, खात्रीचा उपाय असा, की पेरणीपूर्वी बरसीमचे बी १० टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे १० लिटर पाण्यात १ किलो मीठ विरघळवून, त्यात ओतावे. हलके कासनीचे बी वर येते, ते काढून टाकावे आणि खाली बसलेले बी स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावे. वर तरंगलेले हे बी मुळाच्या प्रयोगासाठी वापरण्याचा मोह मात्र टाळावा, कारण ते रानटी असते.

दुसरी पायरी: प्रश्न ठरवणे आणि प्लॉट आखणे

‘चिकोरी येते का ते बघू’ हा प्रयोग नव्हे. एक नेमका प्रश्न घ्यावा. माझ्या मते सर्वांत उपयोगी प्रश्न नत्राचा आहे, कारण चिकोरीत जादा नत्र दिल्यास पाने माजतात आणि मुळातील साठा मागे पडतो. नत्र कमी असताना वनस्पती साखर वाढीवर खर्च न करता इन्युलिनच्या रूपाने साठवू लागते, हे प्रयोगशाळेतही दिसले आहे. तेव्हा हेक्टरी ०, ४० आणि ८० किलो नत्र अशा तीन पातळ्या घ्याव्यात.

प्रत्येक वाफा ४ मीटर लांब आणि २.७ मीटर रुंद ठेवावा. त्यात ४५ सेंटिमीटर अंतराच्या ६ ओळी बसतात. ओळीत १२ सेंटिमीटरवर एक रोप ठेवले, की हेक्टरी सुमारे १ लाख ८५ हजार रोपे होतात, आणि युरोपातील मुळाच्या पिकातही साधारण एवढीच दाटी ठेवतात. असे तीन वाफे मिळून एक गट आणि असे चार गट, म्हणजे एकूण १२ वाफे. प्रत्येक गटात तीन पातळ्यांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवावी. हे काम कंटाळवाणे वाटते, पण पाटाजवळचा सुपीक कोपरा दरवेळी आपल्या आवडत्या पातळीलाच मिळाला, तर निष्कर्ष जमिनीचा निघतो, खताचा नाही.

१०.८ चौरस मीटरच्या वाफ्याला हेक्टरी ४० किलो नत्र म्हणजे ४३ ग्रॅम नत्र, अर्थात ४६ टक्के नत्राचा युरिया सुमारे ९४ ग्रॅम. ८० किलोसाठी १८८ ग्रॅम. अर्धा पेरणीच्या वेळी आणि अर्धा विरळणीनंतर द्यावा. स्फुरद आणि पालाश माती परीक्षणानुसार सर्व वाफ्यांना सारखेच द्यावेत. ताजे शेणखत टाळावे, कारण त्याने मुळांना फाटे फुटतात आणि नत्राचा हिशेबही बिघडतो.

तिसरी पायरी: जमीन, पेरणी आणि पहिले दीड महिने

मळईची किंवा मध्यम, निचऱ्याची, खोल आणि भुसभुशीत जमीन निवडावी. भारी काळ्या जमिनीत मूळ वाढते, पण ते काढताना निम्मे जमिनीतच तुटून राहते, आणि गोटे असलेल्या जमिनीत ते दोन-तीन पायांचे होते. ३० सेंटिमीटरपर्यंत नांगरट, मग कुळवाच्या पाळ्या आणि शेवटी वरचा थर अगदी बारीक करावा.

चिकोरीचे बी फार बारीक असते. १ ग्रॅमात साधारण ७०० दाणे भरतात. १२ वाफ्यांत सुमारे २,४०० जागा आहेत. प्रत्येक जागी दोन-तीन दाणे धरले तरी १० ते १५ ग्रॅम बी पुरते. पेरणी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ते नोव्हेंबरात करावी. बी अर्धा ते एक सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नये. कोरड्या, चाळलेल्या वाळूत मिसळून ओळीत सोडले, की ते सारखे पडते. उगवण होईपर्यंत तुषार किंवा ठिबकने हलके पाणी द्यावे, कारण पाटपाण्याच्या लोंढ्याने बी वाहून जाते आणि वर पपडी धरली तर नाजूक कोंब तिच्याखालीच मरतो.

रोपांना चार पाने आल्यावर विरळणी करावी. जोमदार रोप ठेवून शेजारची रोपे उपटावीत. उपटलेले रोप दुसरीकडे लावू नये, कारण सोटमूळ एकदा वाकले की सरळ होत नाही. सुरुवातीचे सहा आठवडे रोप मंद वाढते आणि तण त्याला सहज गिळते. दोन खुरपण्या वेळेवर झाल्या, तर पुढे पानेच जमीन झाकून घेतात. पाणी वाफसा पाहून द्यावे. पाणी साचले की मूळकूज येते. तसे रोप दिसताच मातीसकट काढून प्लॉटबाहेर टाकावे आणि त्याची नोंद करावी.

एखाद्या रोपाला, कांद्याला डेंगळे यावेत तसा, लवकर फुलदांडा आला तर ते मोजून नोंदवावे आणि काढून टाकावे. दांडा आलेले मूळ लाकडी होते आणि साठा वरच्या वाढीकडे वळतो. कोणत्या वाणाला किती दांडे आले, हा आकडा आपल्या हवामानात उत्पन्नाइतकाच महत्त्वाचा ठरू शकतो.

चौथी पायरी: काढणीची वेळ

संशोधनाचा शेतातील सर्वांत थेट उपयोग मला येथे दिसतो. इन्युलिन म्हणजे फ्रुक्टोजच्या कड्यांची साखळी असून तिच्या एका टोकाला ग्लुकोज असते. एक विकर (एन्झाइम) दोन सुक्रोज रेणूंपासून साखळीची सुरुवात करते आणि दुसरे तिला कडी जोडत जाते. तिसरे विकर मात्र टोकाकडून एकेक फ्रुक्टोज तोडते. हे तिसरे विकर थंडीत आणि पाने कापल्यावर सक्रिय होते, कारण नव्या पालवीसाठी वनस्पतीला चटकन साखर हवी असते. युरोपात शरद ऋतूची थंडी वाढत जाते तशी मुळातील साखळ्यांची सरासरी लांबी घटत जाते, ती यामुळेच.

यातून दोन नियम निघतात. एक, काढणीपूर्वी आठ-पंधरा दिवस जनावरांना घालण्यासाठी पाने कापू नयेत. पाने काढणीच्याच दिवशी छाटावीत. दोन, काढलेली मुळे ढीग घालून दिवसचे दिवस ठेवू नयेत. कॉफीसाठी साखळी थोडी लहान झाली तरी चालते, पण इन्युलिनच्या कारखान्याला लांब साखळीच हवी असते.

पेरणीपासून १२० दिवस झाल्यावर दर पंधरा दिवसांनी प्रत्येक वाफ्याच्या टोकाच्या अर्ध्या मीटरमधून पाच मुळे काढून वजन आणि कोरडा अंश पाहावा. वाढ थांबली किंवा फुलदांडे दिसू लागले, की काढणी करावी. आपल्याकडे हा काळ साधारण मार्च-एप्रिलचा येतो. कडेच्या दोन ओळी आणि दोन्ही टोकांचा अर्धा-अर्धा मीटर सोडून मधल्या चार ओळींतील ३ मीटर लांबीची मुळे मोजणीसाठी घ्यावीत. हे क्षेत्र ५.४ चौरस मीटर असते आणि उगवण पूर्ण असेल तर त्यात बरोबर १०० रोपे असतात, त्यामुळे मेलेल्या रोपांची टक्केवारी वेगळी काढावी लागत नाही. समजा, त्यातून १६.२ किलो मुळे निघाली, तर चौरस मीटरला ३ किलो आणि हेक्टरी ३० टन झाली. युरोपात हेक्टरी ४० ते ५० टन मिळतात. परंतु तिथले पीक वसंतात पेरून उन्हाळ्याच्या लांब दिवसांवर पोसलेले असते, हे तुलना करताना विसरू नये.

पाचवी पायरी: कोरडा अंश आणि इन्युलिन मोजणे

प्रत्येक वाफ्यातून लहान, मध्यम, मोठी अशी दहा मुळे घ्यावीत, धुऊन पुसावीत आणि पातळ चकत्या कराव्यात. त्यांतील ५०० ग्रॅम चकत्या ६५ ते ७० अंश सेल्सियसवर, दोन वेळचे वजन सारखे येईपर्यंत वाळवाव्यात. १२० ग्रॅम राहिल्या तर कोरडा अंश २४ टक्के. ताज्या मुळात इन्युलिन साधारणपणे १५ ते २० टक्के असते, म्हणजे कोरड्या अंशाचा बहुतांश भाग तेच असते.

गोडी मोजण्याचे रिफ्रॅक्टोमीटर येथे मदत करते, पण त्याला इन्युलिनमापक समजू नये. ते विरघळलेल्या सर्व घन पदार्थांचा अंदाज देते. साखळी तुटून साखर झाली तरी आकडा जवळपास तोच राहतो. खरे मोजमाप प्रयोगशाळेत होते: नमुना गरम पाण्यात काढून, विकराने इन्युलिनचे फ्रुक्टोज व ग्लुकोज करून, आधीच मोकळ्या असलेल्या साखरांची वजाबाकी करून. नमुना देताना ‘आहारतंतू’ तपासा असे मोघम सांगू नये. जुनी तंतुमापन पद्धत मद्यार्कात न विरघळणारा भागच पकडते आणि इन्युलिनचा मोठा भाग तिच्यातून निसटतो. ‘फ्रुक्टन’ (इन्युलिनसारख्या फ्रुक्टोजच्या साखळ्या) मोजा असे लेखी सांगावे. त्यासाठी तपासणीच्या पद्धती प्रमाणित करणाऱ्या एओएसी या संस्थेच्या ९९७.०८ आणि ९९९.०३ या मान्य पद्धती आहेत.

शेवटी हेक्टरी मुळे आणि इन्युलिनची टक्केवारी यांचा गुणाकार करून हेक्टरी इन्युलिन काढावे. ३० टन मुळे आणि १६ टक्के म्हणजे ४.८ टन. नत्राच्या तीन पातळ्यांची तुलना याच आकड्यावर करावी, मुळांच्या नुसत्या वजनावर नव्हे.

वाळवणे आणि भाजणे

व्यापारासाठी मुळांचे घनाकार तुकडे करून वाळवतात. साधारण ४ किलो ताज्या मुळांपासून १ किलो वाळलेला माल मिळतो. तुकडा मोडताना कट्‌ असा आवाज आला पाहिजे. वाकला तर तो साठवणीत बुरशी धरणार.

भाजताना इन्युलिनचा काही भाग तुटतो, करपूस रंग आणि वास येतो, आणि त्याबरोबर अ‍ॅक्रिलामाइड नावाचे नकोसे द्रव्यही तयार होते. युरोपीय संघाने २०१७ च्या नियमात भाजलेल्या कॉफीसाठी किलोमागे ४०० मायक्रोग्रॅम, तर निव्वळ चिकोरीपासून केलेल्या कॉफीपर्यायासाठी ४,००० मायक्रोग्रॅम अशी संदर्भपातळी ठेवली आहे. हा दहापटीचा फरक चिकोरीला ‘कॅफीनरहित म्हणून पूर्ण निर्धोक’ म्हणणाऱ्यांनी वाचला पाहिजे. मूळ काळे होईपर्यंत न भाजता मध्यम तपकिरीवर थांबणे, एवढे आपल्या हातात आहे.

औषधी दाव्यांचे संशोधन कसे वाचावे

सर्वांत भक्कम पुरावा मुळातील इन्युलिनचा आणि पोट साफ होण्याचा आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली मानवी चाचण्या तपासून, दिवसाला किमान १२ ग्रॅम नैसर्गिक चिकोरी इन्युलिन घेतल्यास शौचाची वारंवारता वाढून आतड्याचे काम सुरळीत राहण्यास मदत होते, हा दावा मान्य केला. येथे आपले चारही प्रश्न सुटतात: मुळाची चिकोरी, मुळातील तंतू, शुद्ध केलेल्या रूपात, १२ ग्रॅम. आता हेच कॉफीला लावून पाहा. १० ग्रॅम मिश्रणात ३० टक्के चिकोरी धरली तर ती ३ ग्रॅम होते, आणि तिच्यातील इन्युलिन भाजण्यात घटलेले असते. म्हणजे फिल्टर कॉफीने १२ ग्रॅमची पातळी गाठता येत नाही. कॉफी चवीसाठी प्यावी.

दुसरी लक्षणीय चाचणी २००५ सालची आहे. किशोरवयीन मुलामुलींना वर्षभर रोज ८ ग्रॅम लहान-लांब साखळ्यांचे मिश्रण दिल्यावर कॅल्शियमचे शोषण आणि हाडांतील खनिजसाठा वाढल्याचे दिसले. हाही शुद्ध तंतूचा परिणाम आहे, काढ्याचा नाही.

यकृत आणि मधुमेह यांबाबत मात्र पायरी खाली उतरते. युनानीत कासनीचे बी, मूळ आणि पाने यकृताच्या विकारांसाठी फार पूर्वीपासून वापरतात, आणि त्या परंपरेबद्दल मला आदर आहे. परंतु आधुनिक पुरावा मुख्यतः प्राण्यांवरचा आहे. २००७ च्या एका अभ्यासात मधुमेही उंदरांना शरीराच्या किलोमागे १२५ मिलिग्रॅम मद्यार्क-अर्क दिल्यावर रक्तशर्करा घटली. हा आकडा ६० किलोच्या माणसासाठी ६० ने गुणून ७,५०० मिलिग्रॅम काढणे चूक आहे. शरीराच्या पृष्ठफळावर आधारलेल्या रूढ पद्धतीने उंदराची मात्रा सुमारे ६.२ ने भागतात, म्हणजे किलोमागे २० आणि एकूण साधारण १,२०० मिलिग्रॅम येते, आणि तीही केवळ चाचणी आखण्याच्या सुरुवातीसाठी, घरी घेण्यासाठी नव्हे. तसेच २००४ साली लॅक्ट्युसिन व लॅक्ट्युकोपिक्रिन यांचा मलेरियाच्या परजीवीवर प्रयोगशाळेत परिणाम आढळला. काचपात्रातील तो निष्कर्ष मोलाचा आहे, पण तापाच्या रुग्णाला त्यावरून पानांचा रस देणे धोक्याचे आहे.

गंमत अशी, की ज्या कडू द्रव्यांत औषध शोधले जाते, तीच इन्युलिन काढणाऱ्या कारखान्याला नकोशी असतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘चिक’ या युरोपीय प्रकल्पाने हाच पेच हाती घेतला. जनुक-संपादनाने कडू द्रव्यांची वाट बंद करणे आणि साखळी तोडणारे विकर निकामी करणे, अशा दोन दिशांनी तेथे काम झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये युरोपीय न्यायालयाने जनुक-संपादित पिकांना जनुक-परिवर्तित पिकांचेच नियम लागू होतात असा निर्णय दिला, त्यामुळे प्रयोगशाळेत जमलेली गोष्ट शेतापर्यंत येण्याची वाट अवघड झाली.

स्वतः इन्युलिन घ्यायचे असल्यास दिवसाला २ ते ३ ग्रॅमपासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावे. एकदम १० ग्रॅम घेतल्यास पोट फुगते आणि वात धरतो. आतड्याची संवेदनशीलता असलेल्यांना थोड्या प्रमाणानेही त्रास होतो. पित्ताशयात खडे असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी अर्क किंवा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि एक सूचना शेतात काम करणाऱ्यांसाठी. चिकोरी गाजर गवताच्याच कुळातील आहे व तिच्या चिकातील कडू द्रव्ये त्याच वर्गातील आहेत. ज्यांच्या हाता-मानेवर गाजर गवताने खाज आणि चट्टे उठतात, त्यांनी मुळे छाटताना व चकत्या करताना रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, आणि चीक लागल्यास लगेच साबणाने धुवावे.